पदकं मोजून झाली, आता न खेळलेले सामने मोजूया: भारतीय फुटबॉल संघाची ७७ वर्षं

निळा सदरा (धागाकर्ता) | १९ नोव्हेंबर २०२५

काल ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. याआधी त्यांच्याकडून आपण हरलो होतो ते २००३ साली. महिन्यापूर्वी मडगावला सिंगापूरने १-२ ने हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाचं दार तिथंच लागलं. कालपासून जो तो एकच विचारतोय, एके काळी आपण आशियाचे राजे होतो, मग माशी शिंकली कुठे?

या प्रश्नावर ठरलेली उत्तरं ठरलेल्या क्रमाने येतात: क्रिकेटने खाल्लं, राजकारणाने खाल्लं, पैसा नाही, शरीरयष्टी नाही. मला वेगळं काही मांडायचंय, आणि त्यासाठी फक्त स्पर्धात्मक सामन्यांचा हिशोब घेऊ. मैत्रीपूर्ण सामने, घरच्या मैदानावरचे निमंत्रित चषक हे सगळं बाजूला ठेवा.

सुरुवात १९४८. लंडन ऑलिंपिक, इलफर्डचं मैदान, समोर फ्रान्स. स्वतंत्र भारताचा हा पहिला अधिकृत सामना. कप्तान तालिमेरेन आओ, नागा टेकड्यांमधला डॉक्टर. अकरापैकी आठ जण अनवाणी. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही वाया गेल्या. सारंगपाणी रामनने बरोबरी साधली आणि शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने दुसरा गोल करून सामना नेला. १-२. पहिल्याच पाऊलखुणेला हा निकाल वाईट म्हणता येणार नाही.

१९५१, दिल्लीचे आशियाई खेळ: अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलवर इराणला १-० आणि सुवर्ण. १९५२, हेलसिंकी: युगोस्लाव्हियाकडून १-१०. थंडीत, ओल्या मैदानावर, बरेचसे अनवाणी. त्या दिवसानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६, मेलबर्न: ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी ४-२, नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक, ऑलिंपिक फुटबॉलमध्ये कुठल्याही आशियाई खेळाडूची पहिली. आपण चौथे आलो. १९६०, रोम: हंगेरीकडून १-२, फ्रान्सशी १-१, पेरूकडून १-३.

आणि १९६२, जकार्ता. यावर थोडं थांबतोच. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला व्हिसा दिले नव्हते, त्यावर ऑलिंपिक समितीवरच्या आपल्या जी. डी. सोंधींनी जाहीर आक्षेप घेतला आणि अख्खं शहर भारतीय पथकावर उलटलं. अंतिम सामन्याला लाखभर लोक आणि ते सगळे आपल्या विरोधात. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम कर्करोगाने खंगत चाललेले. गोलरक्षक थंगराज आजारातून उठून उभा राहिला. जर्नेल सिंग हा मूळचा बचावपटू, त्याच्या डोक्याला आधीच्या सामन्यात टाके पडलेले, हेडर घ्यायला गेला की जखम उघडायची. रहीमसाहेबांनी त्याला बसवलं नाही, उलट पुढे आक्रमणात नेलं! गटात ज्या दक्षिण कोरियाकडून ०-२ हरलो होतो, त्याच कोरियाविरुद्ध पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल, एक पी. के. बॅनर्जीचा, एक जर्नेलचा. २-१ आणि दुसरं सुवर्ण. पुढच्या जूनमध्ये रहीमसाहेब गेले.

१९६४ ला इस्रायलमधल्या आशिया चषकात उपविजेते. १९७० ला बँकॉकमध्ये जपानला १-० हरवून कांस्य. पुरुष संघाचं आशियाई खेळांतलं ते शेवटचं पदक.

आता माझा मुद्दा. जकार्तात ज्या कोरियाला आपण हरवलं, तो कोरिया १९५४ चा विश्वचषक खेळून आलेला होता. आपण? १९५० ला पात्र ठरूनही गेलो नाही. १९५४ ला आपला अर्ज फिफाने घेतला नाही. आणि तिथून थेट १९८५ पर्यंत विश्वचषक पात्रता फेरीचा एकही सामना भारत खेळला नाही. ज्या संघाने मेलबर्न, रोम, जकार्ता गाजवलं, त्या पिढीतल्या एकाच्याही नावावर विश्वचषक पात्रतेचं एक मिनिट नाही. आशिया चषकाला १९७२, ७६ आणि ८० या तीनही वेळी आपण नावच दिलं नाही.

लोक पराभवांची यादी काढतात. मला या कोऱ्या रकान्यांची जास्त चीड येते. हरलेल्या सामन्यातून संघ काहीतरी घेऊन परत येतो. हेलसिंकीत दहा गोल खाऊन चार वर्षांत आपण मेलबर्नला उपांत्य फेरी गाठली, हे त्याचं ढळढळीत उदाहरण.

---

उलटतपासणी

लेख मनापासून लिहिलाय, पण सुवर्णयुगाच्या बाबतीत मी थोडा हात आखडता घेईन.

१९५१ ला किती संघ होते? सहा. इंडोनेशिया ३-०, अफगाणिस्तान ३-०, इराण १-०, तीन सामने आणि सुवर्ण. जपान युद्धातून नुकता उठत होता, कोरिया युद्धात होता म्हणून आलाच नाही. १९५६ ला पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतली आणि आपण न खेळता पुढे गेलो. १९६४ चा आशिया चषक चार संघांचा, आपल्या पात्रता गटातले बाकी सगळे मागे हटलेले. आणि ऑलिंपिक हौशी खेळाडूंचं, म्हणजे फ्रान्सचा खरा संघ तिथे नव्हताच.

तेव्हा "आपण राजे होतो" म्हणताना दरबार किती मोठा होता तेही पाहावं. आशिया जागा झाला नव्हता, आपण लवकर उठलो होतो. बाकीचे उठल्यावर आपली जागा जिथे असायला हवी तिथे गेली.

---

निळा सदरा

उलटतपासणी, आकडे सगळे बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

हौशीपणाचा मुद्दा पश्चिम युरोपला लागू होतो. युगोस्लाव्हिया आणि हंगेरी ऑलिंपिकला आपले खरे संघ आणत, कारण त्यांच्याकडे कागदोपत्री सगळेच हौशी. हेलसिंकीत आपल्याला चार गोल मारणारा झेबेत्स युगोस्लाव्हियाच्या मुख्य संघाचा मोहरा होता. रोमला आपल्याविरुद्ध गोल करणारा फ्लोरियन आल्बर्ट पुढे बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकला. त्या हंगेरीला आपण १-२ पर्यंत आणून ठेवलं, बलरामचा गोल. आणि जकार्तातला कोरिया १९५६ आणि १९६० चा आशिया चषक विजेता होता. झोपलेला आशिया नव्हता तो.

जागं होण्याबद्दल बोलायचं तर जपान घ्या. १९६२ ला गटात आपण त्यांना २-० हरवलं. त्यांनी १९६० मध्येच जर्मनीहून डेटमार क्रामरला बोलावलं होतं, १९६५ ला राष्ट्रीय लीग सुरू केली, १९६८ ला मेक्सिको ऑलिंपिकचं कांस्य. आपली राष्ट्रीय लीग कधी सुरू झाली? १९९६. एकतीस वर्षांचं अंतर. जपान विश्वचषकाला पहिल्यांदा गेला १९९८ ला, म्हणजे लीग काढून तीस-पस्तीस वर्षांनी. या कामाला इतका वेळ लागतो, आणि आपण तो वेळ सुरूच केला नाही.

---

नवखा

१९५० ला अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून आपण ब्राझीलला गेलो नाही, असं शाळेत ऐकलं होतं. ते खरं की नाही?

---

कुपरेजवाला

नवखा, ही गोष्ट फार पसरली आहे, पण ती कारण म्हणून टिकत नाही. मी गिरगावचा, वय पंच्याहत्तरीपुढे, वडिलांबरोबर रोव्हर्स चषक बघायला कुपरेजला जात असे. तिथे बसणाऱ्या जुन्या मंडळींत हा वाद कायम रंगायचा.

पात्रता गटातले ब्रह्मदेश, फिलिपाइन्स, इंडोनेशिया सगळे मागे हटले आणि भारत आपोआप पात्र ठरला. गटवारीत इटली, स्वीडन आणि पॅराग्वे आले. प्रवासखर्चाचा मोठा भाग यजमान उचलायला तयार होते. तरी भारतीय फुटबॉल महासंघाने नकार कळवला. संघनिवडीवरचे मतभेद, सरावाला वेळ नाही, लांबचा बोटप्रवास अशी कारणं दिली गेली. मुळात त्या काळच्या पदाधिकाऱ्यांच्या लेखी ऑलिंपिक म्हणजे सर्वस्व होतं आणि विश्वचषक ही कुठली तरी दूरची स्पर्धा. शिवाय विश्वचषकात खेळलं तर खेळाडूंच्या हौशीपणावर गदा येईल, ही धास्ती होतीच.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. आपल्याकडे स्थानिक सामने ७० मिनिटांचे असत. जगात ९०. आपला उत्तम संघ शेवटच्या वीस मिनिटांत का ढेपाळायचा, याचं उत्तर पुष्कळ अंशी त्यात आहे. रहीमसाहेबांनी हैदराबाद पोलीस संघात दमसासावर जो भर दिला, तो याचसाठी. ते मुळात शाळामास्तर. हंगेरीच्या संघाचा खेळ त्यांनी बारकाईने पाहिला होता, आणि मधल्या आघाडीवाल्याला मागे ओढून खेळवायची ती पद्धत आपल्याकडे त्यांनी आणली. कोलकात्याचे क्लबवाले तेव्हा अजून आपल्याच लीगच्या चष्म्यातून खेळ बघत होते.

रहीम गेले तेव्हा त्यांच्या डोक्यातलं कागदावर उतरलेलं नव्हतं. पुढच्याच ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत इराणने आपल्याला दोन्ही सामन्यांत हरवलं, ०-३ आणि १-३. त्यानंतर भारत ऑलिंपिक फुटबॉलमध्ये दिसलेला नाही. १९७४ ला तेहरानच्या आशियाई खेळांत चीनकडून १-७. बारा वर्षांपूर्वीचा विजेता संघ! तो निकाल मी वर्तमानपत्रात उभ्यानेच वाचला आणि पेपर तसाच शेजाऱ्याकडे दिला.

---

फातोर्डे पूर्व

मडगावच्या त्या रात्री मी स्टेडियमात होतो. १४ ऑक्टोबर. धाग्यात तिचा उल्लेख एका ओळीत आलाय, म्हणून थोडं लिहितो.

आमच्याकडे फुटबॉलला लोक येतात ते सवयीने, घरचं कार्य असल्यासारखे. आमच्या मागच्या रांगेत एक म्हातारे पात्रांव होते, साळगावकर क्लबचे जुने पाठीराखे, त्यांना प्रत्येक खेळाडूचा आधीचा क्लब तोंडपाठ. चौदाव्या मिनिटाला छांगटेचा गोल झाला तेव्हा ते उठले नाहीत, फक्त म्हणाले, "आता दुसरो घाल, रावूं नाका." (थांबू नका.) दुसरा आला नाही. मध्यंतराच्या जरा आधी सॉन्ग उइ-यंगने बरोबरी केली आणि मध्यंतरानंतर त्यानेच दुसरा मारला.

पुढचा अर्धा तास मी वरून जे पाहिलं ते सांगतो. आपल्याकडे चेंडू होता, पण तो घेणारा माणूस आधी मागे बघायचा. सिंगापूरचे दोन मिडफिल्डर नुसते आपली जागा धरून उभे, त्यांना पळावंच लागत नव्हतं. आपण बाजूने नेऊन क्रॉस टाकायचा, त्यांनी डोक्याने बाहेर काढायचा, पुन्हा तेच. म्हातारे शेवटी म्हणाले की हे दोघे वर्षानुवर्षं एकत्र खेळलेत ते दिसतंय, आणि आमचे पोरगे आठवड्यापूर्वी भेटलेत तेही दिसतंय.

धाग्यात नेव्हिल डिसूझाचं नाव आलं म्हणून आवर्जून सांगतो, तो आमच्या बार्देशातल्या आसगावचा. फुटबॉल मुंबईत खेळला, टाटांकडून. मेलबर्नला चार गोल करून स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांच्या मानात तो वाटेकरी होता, आणि आज गोव्यातल्या शाळकरी पोरांना त्याचं नाव माहीत नसतं. ब्रह्मानंद संखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, आदिल खान, ही यादी कितीही लांबवता येईल. ब्रह्मानंदना पद्मश्री मिळाली २०२२ ला, ऐंशीच्या दशकातल्या भारताच्या कप्तान-गोलरक्षकाला. उशिरा का होईना, मिळाली.

---

मंगळवार पेठ

आमच्या कोल्हापूरचं काय सांगू राव. शाहू स्टेडियमला पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस असू दे नाहीतर दिलबहार विरुद्ध खंडोबा, गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. पेठेपेठेत तालमीचा संघ. विश्वचषक आला की गल्लीत ब्राझील-अर्जेंटिनाचे डिजिटल बोर्ड लागतात. मग एवढी वेडी माणसं असून राष्ट्रीय संघात आमची पोरं किती?

माझं उत्तर हे: आमच्याकडं सामने आहेत, पण वर जायचा जिना नाही. पोरगं तालमीच्या संघात अठराव्या वर्षी हिरो होतं. पेठ त्याला डोक्यावर घेते, नाक्यावर चहाचे पैसे कोण घेत नाही. तिथून पुढं कुठं? बाहेरगावच्या क्लबात ट्रायलला गेलं तर तिथं बाकीची पोरं बारा-तेरा वर्षांपासून अकादमीत घोटलेली असतात. आमचं पोरगं पायात कसब घेऊन जातं, पण चेंडू नसताना कुठं उभं राहायचं हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

अनिकेत जाधव गेला, कारण तो लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडनं खेळला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारताचा पहिला संघ तो. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने कॉर्नरवर डोक्याने गोल मारला तेव्हा आमच्या पेठेत फटाके वाजले. हरलो तरी वाजले.

त्या २१ पोरांतली आज किती वरच्या संघात टिकली बघा. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सतराव्या वर्षी जगाशी खेळलेलं पोरगं अठराव्या वर्षी क्लबच्या बाकावर बसतं, कारण क्लबला निकाल पायजे आणि पुढं परदेशी स्ट्रायकर. मी स्वतः वयोगटातली पोरं शिकवतो. पालक विचारतात, सर, ह्यात पुढं काय? मला त्यांना देण्यासारखं उत्तर सापडत नाही, आणि त्याचा मला त्रास होतो.

---

उलटतपासणी

मंगळवार पेठ, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. २३ वर्षांखालील खेळाडूंना लीगमध्ये किती मिनिटं मिळतात, यावर कुणीतरी नीट लिहायला हवं.

मूळ विषयाकडे येतो. धागाकर्त्यांनी १९७० नंतर एकदम २०२५ गाठलंय. मधल्या काळात तीन-चार वेळा दार किलकिलं झालं होतं, ते नोंदवतो.

१९८२, दिल्ली आशियाड: उपांत्यपूर्व फेरीत सौदीकडून ०-१, गोल अगदी शेवटी. १९८४, सिंगापूर: वीस वर्षांनी आशिया चषकात, प्रशिक्षक मिलोव्हान चिरिच. इराणशी ०-० हा एकमेव गुण, स्पर्धेत एकही गोल नाही.

२००१, विश्वचषक पात्रता: हा माझ्या मते सगळ्यात चुटपुट लावणारा. बंगळुरूत यूएईला १-० हरवलं, गोल ज्यूल्स अल्बर्टोचा. ब्रुनेईला दोनदा. येमेनशी दोन्ही बरोबरी. शेवटी यूएई १२ गुण, येमेन ११, भारत ११. एका गुणाने गेलं. त्या संघाला पुढची फेरी मिळाली असती तर आशियातल्या मोठ्या संघांशी घरी-बाहेर सलग सामने मिळाले असते.

२०११, दोहा, आशिया चषक: २००८ च्या चॅलेंज कपमुळे पात्र (अंतिम सामना दिल्लीत, ताजिकिस्तान ४-१, सुनील छेत्रीची हॅटट्रिक). तिथे ऑस्ट्रेलिया ०-४, बहरीन २-५, कोरिया १-४. कोरियाविरुद्ध सुब्रत पालने जे अडवलं त्यामुळे आकडा चारवर थांबला.

आणि २०१५. विश्वचषक पात्रतेत ग्वामकडून १-२. पुण्याच्या एखाद्या उपनगराएवढी लोकसंख्या असलेलं बेट. मार्च २०१५ मध्ये फिफा क्रमवारीत आपण १७३ वे होतो, आजवरचा तळ. त्याआधी शिखर होतं फेब्रुवारी १९९६ चं, ९४.

---

दोहा_पुणे

नोकरीनिमित्त कतारमध्ये आहे, त्यामुळे अलीकडचे बरेच सामने डोळ्यांसमोर झाले.

१३ जानेवारी २०२४, आशिया चषक, अहमद बिन अली स्टेडियम, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. मेट्रोच्या डब्यात निळे शर्ट इतके की कंपनीचे मल्याळी मित्र म्हणाले, आज आपण यजमान. पहिला अर्धा ०-० राखला. माझ्या शेजारी कोल्हापूरचाच एक ड्रायव्हर होता, रात्रपाळी करून थेट आलेला, डोळे लाल पण उभाच. पन्नासाव्या मिनिटाला अर्विनचा गोल आला आणि मग आपला संघ हळूहळू आपल्याच बॉक्सपर्यंत ढकलला गेला. ०-२. पुढे उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. तीन सामने, शून्य गोल. त्याच संघाने सहा महिन्यांपूर्वी बंगळुरूत सॅफचं, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेचं, नववं विजेतेपद घेतलं होतं आणि क्रमवारीत ९९ वर पोचला होता.

पण माझ्या मनात घर करून बसलेला सामना ११ जून २०२४ चा, जासिम बिन हमद स्टेडियमवरचा. छेत्रीने पाच दिवस आधी कोलकात्यात कुवेतविरुद्ध निवृत्ती घेतलेली, ०-०. कतारविरुद्ध जिंकलो असतो तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत भारत इतिहासात पहिल्यांदा गेला असता. ३७ व्या मिनिटाला छांगटेने गोल केला, १-०. ७३ व्या मिनिटापर्यंत आपण आत होतो. मग तो गोल. गुरप्रीतने चेंडू अडवला, चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेला, कतारच्या खेळाडूने पायाने आत ओढला आणि अयमेनने जाळ्यात ढकलला. आपले खेळाडू थांबले होते, कारण सगळ्यांना शिट्टी वाजणार असं वाटलं. वाजली नाही. व्हिडिओ पंच नव्हते. नंतर ८५ व्या मिनिटाला दुसरा, १-२.

अन्याय झाला, यात वाद नाही. पण गेलेला मोका त्याआधीचाच होता. मार्चमध्ये अफगाणिस्तानशी सौदीतल्या आभाला ०-० आणि गुवाहाटीला १-२. छेत्रीचा दीडशेवा सामना, त्याने पेनल्टीवर गोलही केला होता. त्या दोन सामन्यांतून नीट गुण घेतले असते तर दोहात पंचाच्या शिट्टीवर काही अवलंबून राहिलं नसतं. २०१९ लाही असंच. अबुधाबीत थायलंडला ४-१ धुतलं, आशिया चषकातला १९६४ नंतरचा पहिला विजय. मग शारजात बहरीनविरुद्ध नुसती बरोबरी पुरेशी होती, ९१ व्या मिनिटाला पेनल्टी दिली. ०-१. घरी परत.

---

कुपरेजवाला

दोहा_पुणे, ते थायलंडचे चार गोल आमच्या घरी तीन पिढ्यांनी मिळून पाहिले. नातवाने निळा शर्ट त्यानंतरच मागितला.

मुंबईचंही एक सांगतो. जून २०१८, अंधेरीच्या मैदानावर चौरंगी चषक. चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवान) ५-० जिंकले, छेत्रीची हॅटट्रिक, आणि प्रेक्षक जेमतेम अडीच हजार. त्यानंतर छेत्रीने फोनवर व्हिडिओ काढून हात जोडून विनंती केली की या, आम्हाला शिव्या द्या, पण मैदानावर या. केनियाविरुद्धचा पुढचा सामना त्याचा शंभरावा. धो धो पाऊस, मैदानात पाणी साचलेलं, चेंडू लाथ मारली तरी जागीच रुतायचा आणि स्टेडियम खच्चून भरलेलं. नातवाला खांद्यावर बसवायची माझी ताकद नव्हती, तर पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरांनी त्याला उचलून घेतलं. ३-०. धागाकर्ते मैत्रीपूर्ण सामने बाजूला ठेवा म्हणतात, हिशोबासाठी ते ठीकच. पण प्रेक्षक तयार होतो तो असाच.

---

सहा नंबर

अर्धा तास वाचतेय आणि "भारतीय फुटबॉल संघ" म्हणजे फक्त पुरुष संघ हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. मी विद्यापीठाकडून मिडफिल्डला खेळलेय, म्हणून हा रकाना मी भरते.

महिला आशिया चषक: १९७९ ला कोळिकोडला उपविजेत्या. १९८१ ला तिसऱ्या. १९८३ ला पुन्हा उपविजेत्या. त्या काळात महासंघाचा या मुलींशी फारसा संबंध नव्हता, महिला फुटबॉलची संघटना वेगळी होती, पैसे जमवून, मिळेल त्या डब्यातून प्रवास करून त्या खेळल्या.

जानेवारी २०२२ ला आशिया चषक मुंबई-पुण्यात भरला. डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी ०-० झालं, आणि दुसऱ्या सामन्याआधी करोनाने निम्मा संघ खोल्यांत अडकला. तेरा खेळाडू उभ्या राहीनात. नियमाप्रमाणे भारत स्पर्धेतून बाद, उरलेले सामने रद्द. घरची स्पर्धा, वर्षभराची तयारी आणि मैदानावर एक सामना. मी दुसऱ्या सामन्याचं तिकीट काढून बसले होते.

यंदा जून-जुलैमध्ये चिआंग माईला पात्रता फेरीत मंगोलिया १३-०, तिमोर ४-०, इराक ५-०, आणि शेवटी यजमान थायलंड, क्रमवारीत आपल्यापेक्षा कितीतरी वर. संगीता बासफोरचे दोन गोल, २-१. पात्रता सामने खेळून आशिया चषक गाठण्याची महिला संघाची ही पहिलीच वेळ. निळा सदरा, तुम्ही कोऱ्या रकान्यांबद्दल लिहिलंत ना? महिला संघाच्या वाट्याला तर मध्ये अशी वर्षं आली की सामनेच नसल्यामुळे त्यांचं नाव फिफाच्या क्रमवारीतून काढून टाकलं होतं. तिथून या मुली इथे आल्यात.

---

निळा सदरा

सहा नंबर, हा रकाना धाग्यात आणल्याबद्दल मनापासून आभार. माझं म्हणणं तुमच्या शेवटच्या परिच्छेदात माझ्यापेक्षा नेमकं आलंय.

फातोर्डेच्या आजोबांचं निरीक्षणही त्याच ओळीतलं. एकत्र खेळलेला संघ आणि आठवड्यापूर्वी भेटलेला संघ. यंदा जुलैमध्ये आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) हंगामच हक्कांच्या करारावरून लटकला, खेळाडू महिनोन्‌महिने लीगच्या सामन्यांशिवाय. खालिद जमीलने ऑगस्टमध्ये सूत्रं घेतली, मध्य आशियातल्या स्पर्धेत ताजिकिस्तानला हरवलं, ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरा क्रमांक आणला. हुरूप आला होता. पण ज्यांच्या पायात सामने नाहीत त्यांच्याकडून ऑक्टोबरात मडगावला काय अपेक्षा करायची? २०२२ ला फिफाने महासंघाला निलंबित केलं होतं, अकरा-बारा दिवसांसाठी. तेव्हाही मधल्या मध्ये खेळाडूच भरडले गेले.

---

नवखा

फुटबॉलपटू रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला असं वाचलं. असे आणखी आले तर फरक पडेल का?

---

मंगळवार पेठ

पडेल की. त्याची आई मुंबईची, त्यानं स्वतः होऊन पासपोर्ट बदलला, त्याला मानाचा मुजरा. पण आठ-दहा जण बाहेरनं आले तरी त्यांच्या बाजूला उभं राहायला पोरं आपलीच लागणार. मला तेरा वर्षांखालची बारमाही लीग द्या, जिल्ह्याजिल्ह्यात, वर्षाला प्रत्येक पोराला पंचवीस-तीस सामने. बाकीचं मग बोलू.

---

उलटतपासणी

याला पूर्ण सहमती. आणि वर जाताना, राष्ट्रीय संघाने वर्षातून निदान चार सामने आपल्यापेक्षा वरच्या संघांशी, त्यांच्या घरी खेळावेत. क्रमवारीत गुण कमी झाले तर होऊ द्यावेत.

---

नवखा

आता पुढचा स्पर्धात्मक सामना कधी आहे?

---

निळा सदरा

पुरुषांचा ३१ मार्चला, हाँगकाँगविरुद्ध, आपल्याकडे. गट हातातून गेलाय, पण मी बघणार आहे.

---

सहा नंबर

त्याआधी महिलांचा! मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात आशिया चषक. गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. पहिला सामना व्हिएतनामशी, पर्थला. तिकडे राहणारं कुणी मराठी मंडळी या धाग्यावर असतील तर हात वर करा, मला स्टेडियमात बसलेल्या माणसाकडून त्या सामन्याचं वर्णन हवंय.

---

दोहा_पुणे

माझी बहीण पर्थला असते. आजच फोन करतो.